श्रद्धा, बुद्धी आणि लक्ष्मीबाईंचा नकार

श्रद्धा जर देवाची देणगी असेल, तर माणसाच्या इच्छेला काय अर्थ उरतो? तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी सांगितलं ते असं : श्रद्धा म्हणजे बुद्धीने दिलेली संमती. ती द्यायला बुद्धीला प्रवृत्त करते इच्छा, आणि इच्छेला हलवते कृपा. तिघांपैकी एकही वगळता येत नाही.

हे अवघड वाटत असेल, तर आपल्याकडचं उदाहरण बघा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागे गेल्या नाहीत. काही वर्षे वेगळ्या राहिल्या. परत आल्या, तरी सुरुवातीला सोवळं सांभाळूनच. पुढे जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा त्यांनी स्वतःच विचार केला आणि तो सोडला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

आता विचार करा. पहिल्याच दिवशी त्या नवऱ्यामागे गेल्या असत्या, तर चर्चच्या वहीत नाव लागलं असतं. पण त्याला श्रद्धा म्हणता आलं असतं का? कृपेने इच्छा हलते, म्हणजे तिच्यावर जबरदस्ती होते असं नव्हे. ज्याला ‘नाही’ म्हणता येतं, त्याच्याच ‘हो’ला संमती म्हणायचं.