कपाट जोडून झालं, पण ती उरलेली पट्टी भिंतीला लावली का?

ऑनलाइन मागवलेलं ड्रॉवरचं कपाट चपट्या खोक्यात येतं. फळ्या, स्क्रू, लाकडी खुंट्या आणि ती वाकडी अ‍ॅलन की. दुपारभर खपून कपाट उभं राहतं, पण खोक्याच्या तळाशी एक छोटी पट्टी उरते. भाड्याच्या घरात भिंतीला भोक कशाला, म्हणून ती तशीच राहते.

खरा घोळ इथेच होतो. ड्रॉवर बाहेर ओढले की कपाटाचं वजन पुढे सरकतं. त्यात एखादं पोर पायरी समजून ड्रॉवरवर चढलं, तर अख्खं कपाट त्याच्या अंगावर येतं. अमेरिकेत अशाने मुलं दगावली. जून २०१६ मध्ये आयकियाला तिथली सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवावी लागली. २०२२ च्या अखेरीस तर कपाटं कलंडू नयेत म्हणून तिथे वेगळा कायदाच झाला.

आपल्याकडे भिंत विटांची किंवा काँक्रीटची. ड्रिलने भोक पाडा, प्लास्टिकचा रावळप्लग ठोका, मग स्क्रूने पट्टी घट्ट करा. नुसत्या प्लास्टरमध्ये स्क्रू टिकत नाही. जड सामान खालच्या ड्रॉवरमध्ये, आणि टीव्ही वर नकोच. घरमालक कुरकुरला, तर घर सोडताना ते भोक पुट्टीने बुजवता येतं.