मेंदूतला आंधळा चाकर

भाकरीचा घास सावकाश चावत राहिले की तो गोड लागू लागतो. लाळेतले एक विकर, म्हणजेच एन्झाइम, पिठाची साखर करते. अशी असंख्य विकरे शरीरात राबतात. पण पुढ्यात आलेले द्रव्य अन्न की विष, हे त्यांना कळत नाही.

१९८२ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, काही व्यसनी माणसे एकाएकी दगडासारखी ताठरली. उतारवयातला कंपवात त्यांना तरुणपणीच जडल्यासारखा झाला. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये, ते बनवताना चुकून तयार झालेले एमपीटीपी होते, असे डॉ. विल्यम लँगस्टन यांनी दाखवले. १९८४ साली जीवरसायनशास्त्रज्ञ नील कास्टाग्नोली व सहकाऱ्यांनी पुढचा उलगडा केला. मेंदूतले मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकरच त्या द्रव्याचे विषात रूपांतर घडवते. मग हालचाली सांभाळणारे डोपामीन बनवणाऱ्या पेशी मरतात. हे विकर औषधाने आधीच रोखले, तेव्हा उंदीर बचावले. त्या माणसांना मात्र उशीर झाला होता. मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

शिक्षकबंधूंनी मुलांना एवढे जरूर सांगावे: नशेच्या पुडीत काय आहे हे विकणारालाही ठाऊक नसते, आणि आपल्या शरीरातला चाकर ते विचारीत बसत नाही.