घोड्याची दोन वर्षे म्हणजे माणसाची किती?

घोड्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची तीन वर्षे, असे पुष्कळदा ऐकू येते. घोडा साधारण २५ ते ३० वर्षे जगतो, माणूस ७५-८० वर्षे. भागाकार केला की तीन येतात. हिशेब सोपा आहे, पण तो बरोबर आहे का? आपण पडताळून पाहू.

शिंगरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभे राहते आणि त्याच दिवशी आईमागे धावू लागते. आपल्या बाळाला पहिले पाऊल टाकायला वर्षभर लागते. घोडी दीड-दोन वर्षांची झाली की गाभण राहू शकते. मुलगी वयात येते ती बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमारास. म्हणजे येथे गुणक सुमारे सात. आता दात पाहू. घोड्याचे पुढचे दुधाचे दात पडून पक्के दात येऊ लागतात अडीच वर्षांनी, मुलांचे सहा-सात वर्षांनी. येथे गुणक अडीच-तीनच! प्राणी तोच, पण प्रत्येक अवयवाचे घड्याळ वेगळे.

हाडांचे घड्याळ तर आणखी सावकाश चालते. वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचे थर असतात. तेथे वाढ होते आणि वाढ संपली की थराचे हाड बनते. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांत हे घडायला पाच-सहा वर्षे लागतात. म्हणून दोन वर्षांचा घोडा उंचीने मोठा दिसला, तरी त्याची पाठ कोवळीच असते. जड ओझे लादण्यापूर्वी हे ध्यानात घ्यायला हवे.

म्हातारपणाची खूणही दातांतच सापडते. गवत चावताना दात झिजतात. ती झीज भरून काढण्यासाठी हिरडीतला दात दर वर्षी सुमारे दोन-तीन मिलिमीटर वर सरकतो. हा साठा ठरावीक असतो. तो संपला की घोड्याला सुके गवत चावता येत नाही. पुढ्यात चारा असूनही तो खंगत जातो. अशा घोड्याला भिजवलेले मऊ खाद्य दिले, तर तो आणखी काही वर्षे जगू शकतो.

इंग्लंडमधला ‘ओल्ड बिली’ हा कालव्यातील नावा ओढणारा घोडा १७६० मध्ये जन्मला व १८२२ मध्ये, ६२ वर्षांचा होऊन मेला. तिनाने गुणले तर १८६ वर्षे होतात! माणसाच्या आयुष्याची खात्रीलायक नोंद मात्र १२२ वर्षांच्या पुढे गेलेली नाही.

वर्गात मुलांना हाच तक्ता करायला सांगावा: चालणे, दात, वयात येणे, वाढ थांबणे, आयुर्मान. दोन रकान्यांत घोड्याचे व माणसाचे वय लिहून प्रत्येक ओळीचा गुणक काढू द्यावा. गुणक सारखे का येत नाहीत, हा प्रश्न मग मुलेच विचारतील.