आधी रक्त, मग औषध

रिसोडहून पहाटेच्या एस.टी.ने अकोल्याला जायचे, रक्त तपासायला द्यायचे, अहवाल आला की डॉक्टरांना दाखवायचा आणि त्यांनी होकार दिला तर संध्याकाळपर्यंत सलाईनमधून औषध घ्यायचे. आमच्या मावशींसोबत आम्ही असे काही दिवस काढले. एकदा डॉक्टरांनी औषध न देताच परत पाठवले. “गाठ वाढली का जी?” मावशींनी घाबरून विचारले. तसे नव्हते.

कर्करोगावरची बरीच औषधे झपाट्याने विभाजित होणाऱ्या पेशींवर घाव घालतात. हाडांतील मज्जेत रक्तपेशी घडवण्यासाठी असे विभाजन अखंड चालू असते. औषधाला आपपरभाव कळत नाही. मग पहिला फटका कोणाला? तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, रक्तबिंबिका ८ ते १० दिवस. (हे आकडे आपण एरवी परीक्षेपुरते पाठ करतो!) जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मात्र रक्तात जेमतेम एखादा दिवस टिकतात. नवा पुरवठा आटला की त्याच आधी घटतात. साधारणपणे ७ ते १४ दिवसांत त्या सर्वांत कमी होतात, मग मज्जा सावरते. पुष्कळ औषधांचा फेरा ३ आठवड्यांचा असतो, त्याचे हे एक मोठे कारण.

घनमिलिमीटरमागे १५०० न्यूट्रोफिल असावेत, असे सहसा पाहतात. मावशींचे ९०० भरले. आठवड्याने संख्या वाढली आणि सलाईन लागले. निघताना डॉक्टरांनी बजावले : ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला तर गोळी घेऊन सकाळच्या गाडीची वाट पाहायची नाही, रात्रीच निघायचे.