बंद पाकिटातली यादी

रँडम नंबर ही गोष्ट आपल्याला पहिल्या वर्षी सी शिकताना भेटते. फासा टाकल्यासारखे एक ते सहा आकडे छापायचे, एक्स्टर्नलला दाखवायचे आणि विसरून जायचे. मीही विसरलो होतो. तर झाले असे की, गेल्या पावसाळ्यात एका रात्री हॉस्टेलची लाईट गेलेली, मी मेसमधून नुकताच येऊन पडलो होतो, आणि ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण. बालरोग विषयात एम.डी. करते.

"काय रे, तुला कॉम्प्युटरवर चिठ्ठ्या काढता येतात का?"

मी म्हटले, "हे काय विचारणं झालं ताई! दोन मिनिटांचं काम."

त्या दोन मिनिटांचे तीन आठवडे झाले. त्याचीच ही हकिकत.

ताईचा अभ्यास सिकलसेलच्या मुलांवर होता. आपल्या गोंदिया जिल्ह्यात सिकलसेल म्हणजे काय ते फार सांगावे लागत नाही. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या मुलांना विचारा, घरात नाही तर शेजारी कोणीतरी असतेच. या आजारात हायड्रॉक्सीयुरिया नावाचे औषध देतात. त्याचा पुरावाही एका मोठ्या चाचणीतूनच आला. अमेरिका आणि कॅनडातल्या 21 केंद्रांत 299 प्रौढ रुग्ण घेतले, चिठ्ठी पडेल तसे निम्म्यांना खरे औषध, निम्म्यांना दिसायला तसेच पण बिनऔषधाचे. 1995 साली निकाल छापून आला, तेव्हा वेदनेचे झटके वर्षाला साधारण 4.5 वरून 2.5 वर आलेले दिसले. पण औषध रोज घेतले तरच उपयोग. मुले कंटाळतात, घरचे धानाच्या कामात विसरतात. ताईचा प्रश्न साधा होता: आठवड्यातून एकदा फोन करून आठवण दिली तर औषध नियमित घेतले जाते का? मुले 60, रुग्णालये 3. एक शहरातले मोठे, दोन लहान. कोणाला फोन करायचा आणि कोणाला नेहमीच्याच पद्धतीने ठेवायचे, हे चिठ्ठीने ठरवायचे.

मी काय केले, 30 वेळा 'फोन' आणि 30 वेळा 'नेहमीचे' लिहिले, पत्ते पिसतात तसे पिसले आणि यादी मेल करून टाकली. ताईने ती उघडलीच नाही. म्हणाली, "केंद्रवार केलीस का? नसेल तर आधी खोटी मुलं घालून बघ." बघितले. एका लहान रुग्णालयात 10 मुले येतील असे धरले, तर त्यांतली 8 'फोन'मध्ये आणि 2 'नेहमीचे'मध्ये. एकूण हिशोब 30-30 चोख, पण त्या रुग्णालयापुरता पार कललेला.

हे माझे नशीब खोटे म्हणून नाही झाले. नाणे 10 वेळा उडवा. 7-3 किंवा त्याहून जास्त कललेला निकाल 1024 पैकी 352 प्रकारांनी येतो, म्हणजे तीनदा केले तर एकदा. आता समजा, त्या लहान रुग्णालयात मुले जंगलातल्या गावांतून येतात, पावसाळ्यात एसटी बंद पडली की औषधही बंद. 'फोन' गटात तीच मुले जास्त भरली, तर शेवटी फोनचा दोष निघेल, खरा दोष रस्त्याचा असेल.

माझ्या डोक्यात हे शिरले ते बाबांच्या बांधीमुळे. आमच्याकडे इटियाडोहच्या कालव्याचे पाणी येते. कालव्याजवळच्या बांधीत पाणी भरपूर, खालच्या टोकाला उशिरा आणि कमी. दोन जातींचे धान तपासायचे असेल आणि एक जात सगळी कालव्याजवळ लावली, तर जात जिंकली की पाणी जिंकले, सांगता येत नाही. शहाणा माणूस प्रत्येक बांधीचे दोन तुकडे करतो आणि प्रत्येक बांधीत वेगळी चिठ्ठी काढतो. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड येथे रोनाल्ड फिशर यांनी 1920 च्या दशकात शेतीच्या प्रयोगांसाठी हेच शास्त्र बसवले. बांधी म्हणजे स्तर. रुग्णालय म्हणजेही स्तर. प्रत्येक स्तराची यादी वेगळी, एवढीच मूळ कल्पना.

आणि ही कल्पना नवी नाही बरं. क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन चालते का हे पाहणारी ब्रिटनमधली चाचणी 1948 साली छापली गेली. आधुनिक चाचण्यांची सुरुवात तिच्यापासून धरतात. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी तिच्यासाठी प्रत्येक केंद्राची, आणि त्यातही स्त्री-पुरुषांची, वेगळी यादी केली होती. पाकिटे बंद, वर फक्त रुग्णालयाचे नाव आणि क्रमांक. 55 जणांना औषध, 52 जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्यांतले 4 दगावले, दुसऱ्यांतले 14. संगणक नव्हता, रँडम आकड्यांचा तक्ता होता. आपण आज सॉफ्टवेअरने जे करतो ते त्याच पाकिटांचे काम.

आता यादी कशी करायची ते. ताईच्या अभ्यासात केंद्रे 3 आणि वयाचे गट 2 (बारा वर्षांखालचे आणि वरचे), म्हणून 6 स्तर, 6 याद्या. प्रत्येक यादीत छोटे छोटे ब्लॉक. चारच्या ब्लॉकमध्ये दोन 'फोन', दोन 'नेहमीचे'. त्यांची मांडणी 6 प्रकारे होते, त्यातली एक संगणक निवडतो, मग पुढचा ब्लॉक. चाचणी कुठेही थांबली तरी एका स्तरात दोन गटांतला फरक दोनच्या वर जात नाही.

मी आधी एक्सेलमध्ये केले. करू नका. तिथले रँड फंक्शन कोणत्याही घरात काही टाइप केले की पुन्हा नवे आकडे देते. सकाळची यादी दुपारी राहात नाही. मग सी. त्यातही रँड मॉड्युलो दोन लिहायची आपल्याला सवय आहे, पण काही जुन्या लायब्ररींत शेवटचा बिट शून्य-एक-शून्य-एक असा आळीपाळीने येत असे. म्हणजे रँडम कसला, कदमताल! शिवाय घड्याळाच्या वेळेवरून सीड घेतला की तीच यादी पुन्हा काढता येत नाही. शेवटी आर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे गेलो. त्यात ब्लॉकरँड नावाचे पॅकेज आहे. त्याला किती ओळी हव्या, गटांची नावे काय, स्तर कोणता आणि ब्लॉक केवढे हे सांगायचे. एक खुबी लक्षात ठेवा: दोन गट असताना ब्लॉकचे माप 1, 2, 3 दिले, तर खरे ब्लॉक 2, 4 आणि 6 चे होतात. दहा ओळी मागितल्या तर कधी बारा येतात, कारण ते ब्लॉक अर्धा तोडत नाही. मी आधी त्याला बग समजून अर्धा दिवस घालवला. सहा स्तरांसाठी सहा वेळा चालवायचे, प्रत्येकाच्या क्रमांकापुढे वेगळे अक्षर लावायचे, मग जोडायचे. पाकिटात घालायच्या चिठ्ठ्यासुद्धा ते छापून देते.

सीड म्हणजे बियाणे. तेच बी पेरले की तेच पीक यायला हवे, म्हणजे उद्या कोणी शंका घेतली तर यादी पुन्हा उगवून दाखवता येते. फक्त बी आपली जन्मतारीख किंवा 1234 नसावे, कोणीही ओळखेल. आणि आरची आवृत्ती लिहून ठेवा. 2019 मध्ये आलेल्या 3.6.0 पासून नमुना काढण्याची आतली पद्धत बदलली, म्हणून तोच सीड जुन्या आवृत्तीत वेगळी यादी देतो.

पाकिटे तयार झाली. रंगीत तालीम म्हणून एका लहान रुग्णालयाची पाकिटे रूमवरच उघडायला बसलो. माझा रूममेट सालेकसा भागातला, त्याचा धाकटा भाऊ सिकलसेलचा रुग्ण. तेव्हा मी अजून सगळे ब्लॉक चारचेच ठेवले होते. पहिले उघडले, 'फोन'. दुसरे, 'फोन'. तो म्हणाला, "थांब, आता दोन्ही साधे निघतीन." निघाले. पुढच्या ब्लॉकमध्ये तीन उघडल्यावर चौथे त्याने न पाहता सांगितले.

"कसं कळलं?"

"चारात दोन, चारात दोन. हिशोबच आहे बे. मी त्या सिस्टरच्या जागी असतो न, तर माझ्या भावाले म्हणलो असतो, आज घरी जाय, परवा ये. परवा फोनवालं पाकीट आहे."

मी गप्प बसलो. तो काही लबाड नव्हता. कोणतीही चांगली सिस्टर ज्या पोराची काळजी वाटते त्याला फोनच्या गटात ढकलायला बघेल. पण मग जास्त आजारी मुले एकीकडे, बरी मुले दुसरीकडे, आणि फोनचा उपयोग असूनही तो दिसणार नाही. चारचा ब्लॉक माहीत असला की चौथे पाकीट नेहमीच कळते, आणि सहापैकी दोन मांडण्यांत तिसरेही. म्हणूनच ब्लॉकची मापे सरमिसळ ठेवायची आणि ती केंद्राला सांगायचीच नाहीत. यादी करणारा वेगळा, मुले दाखल करणारा वेगळा. पाकीट असे हवे की ट्यूबलाईटसमोर धरले तरी आतले दिसू नये. मुलाचे नाव आणि संमती आधी, पाकीट नंतर. मोठ्या चाचण्यांत पाकिटेही नसतात, दाखल केल्याची नोंद झाल्यावर मध्यवर्ती संगणक गट सांगतो.

केंद्रवार यादीचे महत्त्व पाहायचे असेल तर 2020 आठवा. कोरोनात प्लाझ्मासाठी लोक दारोदार फिरत होते. त्या वेळी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने प्लॅसिड ही चाचणी घेतली. 39 रुग्णालये, त्यांत महाराष्ट्रातलीही, आणि 22 एप्रिल ते 14 जुलै एवढ्या दिवसांत 464 रुग्ण. भागाकार करा, एका केंद्राला सरासरी 12 सुद्धा येत नाहीत. एवढ्या लहान आकड्यांत नुसते नाणे उडवले असते तर कितीतरी केंद्रे एका बाजूला झुकली असती, आणि कुठे ऑक्सिजन बरा, कुठे डॉक्टर कमी, हा फरक प्लाझ्माच्या नावावर चढला असता. चिठ्ठ्या केंद्रनिहाय काढल्या होत्या. 235 जणांना प्लाझ्मा, 229 जणांना नाही. आजार गंभीर होणे किंवा मृत्यू, मिळून पहिल्या गटात 44, दुसऱ्यात 41. म्हणजे प्लाझ्माने तो धोका कमी झाला नाही. ज्यांनी रात्र रात्र दाते शोधले त्यांना हे ऐकणे कठीण गेले असणार, पण आकड्यांवर विश्वास ठेवता येतो तो त्या यादीमुळे.

उत्साहाच्या भरात मी ताईला म्हटले, मुलगा-मुलगी आणि आजार तीव्र की सौम्य हेही स्तर करू. तिने गुणाकार करायला लावला. 3 गुणिले 2 गुणिले 2 गुणिले 2, म्हणजे 24 स्तर. 60 मुले वाटली तर एका स्तरात अडीच! सगळे ब्लॉक अर्धवट राहणार आणि तोल जाणार. निकालावर ज्याचा खरोखर परिणाम होतो तेवढेच स्तर घ्यावेत. फारच गोष्टी सांभाळायच्या असतील तर पोकॉक आणि सायमन यांची 1975 ची मिनिमायझेशन नावाची वेगळी पद्धत आहे. ती पुन्हा केव्हातरी.

कधी माणसाची चिठ्ठी काढताच येत नाही, गावाची काढावी लागते. आपल्याच राज्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, 1999 पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची अशी चाचणी झाली. गावांचे 52 समूह, 13-13 चे चार भाग, एक लाख एकतीस हजारांवर स्त्रिया. एकाच गावात हिची तपासणी करायची आणि तिची नाही, हे जमले नसते. ज्या भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदा झाली, तिथे या कर्करोगाचे मृत्यू 34 नोंदले गेले, नेहमीच्या सेवेच्या भागात 64.

असो. ताईच्या अभ्यासाला एथिक्स समितीची मंजुरी मिळाली, क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंद झाली. नवी यादी तिच्या विभागाबाहेरच्या एका सरांकडे सीलबंद आहे. सीडही त्यांच्याचकडे. माझ्याकडची फाईल मी रूममेटसमोर पुसली, रिसायकल बिनमधूनसुद्धा.

मागच्या महिन्यात त्याच्या भावाचेही नाव लागले. पाकीट उघडल्यावर 'नेहमीचे' निघाले. त्या रात्री तो मेसमध्ये माझ्याशी फारसा बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश करता करता म्हणाला, "गोळी तर त्याले दोन्हीकडंही भेटतेच न?" मी हो म्हटले. "मंग फोन मीच करतो." मी ताईला विचारले, असे चालते का. ती हसली आणि म्हणाली, भावाला फोन करायला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त करतोस ते फॉर्ममध्ये लिहायला सांग.