झडप, काळीज आणि संमती: हृदय-उरःशल्यचिकित्सकाची द्विविध भाषा

हृदय व छाती यांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या विभागातील मधल्या पायरीवरचा शल्यचिकित्सक भाषाभ्यासकांच्या नजरेतून सहसा निसटतो. एम.एस.नंतरचा तीन वर्षांचा एम.सीएच. अभ्यासक्रम पुरा करून तो तज्ज्ञ झालेला असतो; पण विभागाचा प्रमुख तो नव्हे. शस्त्रक्रिया प्रमुखाच्या नावावर होते. छातीचे हाड उभे कापून हृदय मोकळे करणे, अखेरीस ते हाड तारांनी बांधणे, आणि त्या रात्री अतिदक्षता कक्षात नळीवाटे ताशी किती रक्त येते यावर डोळा ठेवणे, हा पुष्कळदा त्याचा वाटा. यांखेरीज एक काम त्याच्याकडे येते, ज्याची शस्त्रक्रियेच्या टिपणात नोंद नसते. ते म्हणजे रुग्णाशी व नातेवाइकांशी बोलणे.

सातारा-सांगली भागात छातीच्या रोगांवरील उपचारांची परंपरा जुनी आहे. १८८९ साली भारतात आलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस रुग्णालय उघडले. वानलेसवाडी हे गावनाम त्यांचेच स्मरण होय. पाचगणीच्या हवेत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. फुप्फुस दाबून त्यास विश्रांती देणे, प्रसंगी बरगड्या काढणे, हेच उपाय. स्ट्रेप्टोमायसीन व १९५२ नंतर आयसोनियाझिड यांनी ते मागे पडले. १९५३ साली अमेरिकेत गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साह्याने शस्त्रक्रिया यशस्वी केली, आणि उरःशल्याचा रोख फुप्फुसाकडून हृदयाकडे वळला.

शस्त्रक्रियागृहातील भाषा तुटक असते. यंत्र जोडण्यापूर्वी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, वजनाच्या दर किलोस सुमारे ३०० एकके. शल्यचिकित्सक म्हणतो, “हेपॅरिन द्या.” भूलतज्ज्ञ उत्तरतो, “हेपॅरिन दिले.” यंत्र चालविणाऱ्या तंत्रज्ञाचेही तसेच, ऐकलेला शब्द तो परत उच्चारतो, मग हात हलवितो. येथे उच्चार हीच कृती असते. शब्दास एकच अर्थ असावा आणि तो ऐकला गेल्याचा पुरावा लगेच मिळावा, असा हा शिस्तीचा संकेत आहे.

दाराबाहेर हा संकेत तुटतो. ‘काळीज’ हा शब्द घ्या. संस्कृत ‘कालेय’ म्हणजे यकृत. त्यापासून तो आला. पुढे मराठीने त्यात माया, धैर्य, भीती साठविली; ‘काळजी’ हा शब्दही त्याच कुळातला मानतात. शिराळ्याकडची एखादी आई “पोराच्या काळजाला भोक आहे” असे म्हणते, तेव्हा तिला हृदयाच्या कप्प्यांमधील पडदा ठाऊक असतोच असे नाही; पण बोलणे कोणत्या अवयवाविषयी आहे, याविषयी तिचा घोटाळा नसतो. शल्यचिकित्सकाने येथे ‘हृदय’ हा शब्द लादण्याचे कारण नाही.

पारिभाषिक शब्दांची घडण याच परिसरात झाली, हे विशेष. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. रोहिणी, नीला, अलिंद, निलय हे शब्द त्यात नेमके व एकमेकांस धरून आहेत. परंतु खाटेपाशी ते उतरले नाहीत. ‘झडप’ मात्र उतरली, कारण ती आधीच लोकांची होती. तरी कृष्णाकाठचा ऊसकरी ‘वॉल’ म्हणतो. विहिरीतील पंपाचा फूटवॉल त्याने हाताळलेला असतो. पाणी वर जाऊ द्यावयाचे, मागे येऊ द्यावयाचे नाही, हे त्याला शिकवावे लागत नाही. सांध्यांच्या तापातून झडप बिघडलेल्या रुग्णास समजाविण्यासाठी याहून सोपा दाखला क्वचितच मिळेल.

परंतु हाच दाखला पुढे दगा देतो. फूटवॉल बदलला की काम संपले. धातू-कार्बनची कृत्रिम झडप बसविल्यावर तसे होत नाही. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून जन्मभर गोळी घ्यावी लागते, वेळोवेळी रक्त तपासावे लागते. प्राण्याच्या ऊतकाची झडप बसविली तर ही गोळी बहुधा काही महिन्यांनी थांबविता येते, पण ती झडप काही वर्षांनी झिजते आणि पुन्हा छाती उघडावी लागते. तरुण विवाहितेच्या बाबतीत प्रश्न अधिक कठीण, कारण ती गोळी गर्भास अपायकारक ठरू शकते. ही निवड रुग्णाची. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले की संमती खरी ठरण्यास रुग्णास उपचार, पर्याय व धोके यांची पुरेशी माहिती मिळालेली असावी. कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे.

‘धोका’ शब्दाचीही तीच गत. “शंभरात तिघांना धोका” हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात गणित असते. ऐकणाऱ्याच्या मनात त्या तिघांपैकी एक आपला असतो. आकडा सांगू नये, असे नव्हे. त्यानंतर थांबावे, आणि नातेवाइकाने काय ऐकले ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे. शस्त्रक्रियागृहात हेपॅरिनच्या वेळी जे सहज होते, ते व्हरांड्यात का होऊ नये? वेळ नसतो हे खरे. पण तेथेही चूक रक्तातच उमटते.

‘रक्त पातळ करणारी गोळी’ हा शब्दप्रयोग रुग्णालयांत रूढ आहे. रक्त पातळ होणे म्हणजे अशक्तपणा, अशी ऐकणाऱ्याची समजूत होऊ शकते. मग सुगीच्या कामाला लागताना माणूस ती गोळी आपण होऊन बंद करतो, आणि गुठळी झडपेवर बसते. त्यापेक्षा ‘गुठळी होऊ न देणारी गोळी’ असे म्हणावे. एक शब्द अधिक लागतो, इतकेच.