नाकाबंदी आणि परवान्याचे पिस्तूल

परवान्याचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर कमरेला असलेल्या माणसाची गाडी पोलिसांनी अडवली, तर कोणाला काय अधिकार आहे हे शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांत बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलेले आहे. परवानाधारकांपैकी अनेकांनी मात्र परवाना हाती आल्यावर त्यावरच्या अटी पुन्हा वाचलेल्या नसतात. मग शस्त्र कायदेशीर असूनही नाकाबंदीवर गोंधळ उडतो, आणि थोडक्यात मिटणारे प्रकरण ठाण्यापर्यंत जाते.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत ही वेळ कधीही येऊ शकते. शिरूर पुणे–अहिल्यानगर मार्गावर आहे, तर दौंड तालुक्यातून पुणे–सोलापूर महामार्ग जातो. रांजणगाव आणि कुरकुंभ इथे औद्योगिक वसाहती आहेत, रात्रपाळीची वर्दळ आहे, रोकड नेणाऱ्या गाड्या आहेत. शिक्रापूरचा चाकण चौक, न्हावरा फाटा, चौफुला, पाटस अशा ठिकाणी वाहने सहज अडवता येतात. १ जानेवारीला पेरणे आणि कोरेगाव भीमा परिसरात मोठा बंदोबस्त असतो आणि वाहतूक वळवली जाते. निवडणुका, गणेशोत्सव आणि वर्षअखेरीलाही तपासणी वाढते. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पुणे ग्रामीण पोलीस दलाच्या हद्दीत येतात.

पोलीस पिस्तूल पाहताच सावध होतात, त्याला कारण आहे. जिल्ह्यात पकडल्या जाणाऱ्या शस्त्रांत गावठी कट्टे आणि बेकायदा पिस्तुले असतात. मध्य प्रदेशाच्या सीमेवरचे उमरटी गाव अशा शस्त्रांसाठी कुप्रसिद्ध आहे. रात्री अंधारात, टॉर्चच्या उजेडात दिसलेले पिस्तूल परवान्याचे आहे की बिनपरवान्याचे, हे हवालदाराला नुसते बघून कळत नाही. फरक दाखवतो तो कागद, आणि तो कागद निघेपर्यंतची दोन-तीन मिनिटेच नाजूक असतात.

परवान्याची जबाबदारी कोणाची, हे आधी पाहू. पुणे ग्रामीण हद्दीत राहणाऱ्याला परवाना जिल्हाधिकारी म्हणजेच जिल्हादंडाधिकारी देतात. पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवडमध्ये हे काम पोलीस आयुक्तांकडे आहे. परवाना देण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षांची झाली आहे. प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय नोंदणीत एक विशिष्ट ओळख क्रमांक दिलेला असतो. शस्त्राचा प्रकार, बोअर, क्रमांक, काडतुसांची मर्यादा आणि परवाना कोणत्या क्षेत्रात चालतो, हे सगळे परवान्यात नोंदलेले असते.

शस्त्र झाकून बाळगणे ही आपल्याकडे वेगळी सवलत नाही, तो नियमच आहे. शस्त्र नियमांतील नियम ८ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच योग्य पिशवीत असायला हवे. ते पूर्ण झाकलेले असावे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा असावा. बारा बोअरची बंदूकही तिच्यासाठी बनवलेल्या खोळीतच न्यावी लागते. शस्त्र परजणे किंवा हवेत गोळी झाडणे सक्त मना आहे. म्हणजे शर्ट वर सरकवून पिस्तुलाची मूठ दाखवत ढाब्यावर बसणारा परवानाधारक नियम मोडत असतो, मग त्याचा परवाना कितीही खरा असो.

आता पोलिसांचे अधिकार. अधिनियमाच्या कलम १९ नुसार शस्त्र बाळगणाऱ्या कोणालाही पोलीस अधिकारी परवाना दाखवायला सांगू शकतो. परवाना दाखवला नाही, तर तो नाव-पत्ता विचारू शकतो आणि गरज वाटल्यास शस्त्र जप्त करू शकतो. नाव-पत्ता देण्यास नकार दिला, खोटे नाव सांगितल्याचा संशय आला किंवा माणूस पळून जाईल असे वाटले, तर वॉरंटशिवाय अटक करता येते. कलम २३ नुसार या कायद्याचा भंग झाला आहे किंवा होण्याची शक्यता आहे का हे पाहण्यासाठी वाहन थांबवून तपासता येते. कलम २० संशयास्पद रीतीने शस्त्र नेणाऱ्याला अटक करण्याबद्दल आहे, आणि तो अधिकार रेल्वे कर्मचाऱ्यालाही आहे. दौंड जंक्शनवरून गाडी पकडणाऱ्या परवानाधारकाने हे विसरू नये.

‘माझ्याकडे शस्त्र आहे’ असे आपणहून सांगण्याची सक्ती कलम १९ मध्ये नाही. परवाना मागितल्यावर दाखवणे एवढेच ते म्हणते. तरीही गाडीची झडती सुरू होण्यापूर्वी स्वतःहून सांगणे शहाणपणाचे ठरते. आसनाखाली किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात अनपेक्षितपणे पिस्तूल सापडले, तर पोलिसांच्या मनात पहिला संशय लपवल्याचा येतो, आणि मग परवाना काढला तरी तो संशय पूर्ण जात नाही.

प्रत्यक्ष नाकाबंदीवर क्रम असा असावा. बॅरिकेड दिसताच वेग कमी करावा, इशाऱ्यानंतर गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि आतला दिवा लावावा. चारचाकीत दोन्ही हात स्टिअरिंगवर, दुचाकीवर हँडलवर ठेवावेत. पोलीस जवळ येण्यापूर्वी कमरेकडे, खिशात किंवा कप्प्यात हात घालू नये. मग शांत आवाजात सांगावे: ‘साहेब, माझ्याकडे परवान्याचे पिस्तूल आहे. ते उजव्या कमरेला होल्स्टरमध्ये आहे. परवाना शर्टाच्या खिशात आहे, काढू का?’ पोलिसाने हो म्हटल्यावर फक्त परवाना काढून द्यावा. वाहन चालवण्याचा परवाना आणि गाडीची कागदपत्रे त्यानंतर. परवाना पिस्तुलाच्या बाजूच्या खिशात ठेवू नये, कारण कागद काढताना हात शस्त्राकडे गेल्यासारखा दिसतो. सोबत कुणी असेल, तर त्यानेही हात समोर ठेवून गप्प बसावे.

शस्त्र स्वतःहून कधीच बाहेर काढू नये. ते पाहायचे असेल, तर पुढे काय करायचे ते पोलिसांनाच सांगू द्यावे. शक्यतो गाडीतून उतरून, हात दिसतील असे ठेवून, शस्त्र त्यांनाच काढू द्यावे. काडतुसे काढून द्यायला सांगितले, तर गाडीच्या आत ते काम करू नये. बाहेर येऊन नळी माणसांपासून दूर, जमिनीकडे ठेवावी आणि बोट ट्रिगरच्या बाहेर ठेवावे. पिस्तूल असेल तर आधी मॅगझीन काढावे, मग स्लाइड मागे ओढून चेंबर रिकामे आहे का पाहावे. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर उघडून काडतुसे काढावीत. मॅगझीन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, ही समजूत चुकीची आणि धोक्याची आहे. चेंबरमध्ये एक गोळी राहिलेली असू शकते.

पोलीस साधारणपणे परवान्यावरचा क्रमांक शस्त्रावरच्या क्रमांकाशी जुळवतात, मुदत आणि क्षेत्र पाहतात, काडतुसे मोजतात. सगळे जुळले की शस्त्र परत मिळते. जप्तीची वेळ आली, तर परवानाधारकाने हुज्जत न घालता पंचनामा मागावा. शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि जप्तीचे कारण त्यात नोंदले आहे ना, हे वाचून मगच सही करावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, आणि तिच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करायचे असते. अटक झाली, तर कारण कळवणे आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. परवाना निलंबित किंवा रद्द झाला, तर कलम १८ खाली अपील करता येते. वाद घालायचा तो तिथे. रात्री अकरा वाजता रस्त्यावर घालून काही हाती लागत नाही.

परवानाधारक अडचणीत येतात ते बहुधा ठरावीक चुकांमुळे. पहिली चूक हद्दीची. शिरूरला घोड नदीचा पूल ओलांडला की अहिल्यानगर जिल्हा लागतो, आणि दौंडहून भीमा ओलांडली की श्रीगोंदा तालुका. परवाना पुणे जिल्ह्यापुरताच असेल, तर नदीपलीकडे शस्त्र नेणे हा अटीचा भंग होतो. अटी मोडल्यास कलम ३० नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पारनेर किंवा श्रीगोंद्याला वरचेवर जाणाऱ्याने परवान्याचे क्षेत्र आधीच वाढवून घ्यावे.

दुसरी चूक दुसऱ्याच्या हाती शस्त्र देण्याची. मालक जेवायला उतरला आणि पिस्तूल ड्रायव्हरसोबत गाडीत राहिले, तर नाकाबंदीवर ते ड्रायव्हरच्या ताब्यात सापडते. बिनपरवाना शस्त्राची शिक्षा २०१९ नंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद अशी आहे. कायद्यात एक अपवाद आहे. दुरुस्तीसाठी, परवाना नूतनीकरणासाठी किंवा मालकाच्या वापरासाठी, मालकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस शस्त्र नेऊ शकतो. म्हणून भावाला बंदूक घेऊन दुरुस्तीला पाठवायचे असेल, तर सोबत लेखी पत्र हवेच.

तिसरी चूक गर्दीची. विशेष परवानगी नसेल, तर परवान्याचे शस्त्र जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव किंवा शाळा-महाविद्यालयाच्या आवारात नेता येत नाही, ही परवान्यातलीच अट आहे. वरातीत किंवा वाढदिवसाला हवेत गोळी झाडणाऱ्याला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जुलै २०२५ मध्ये दौंड तालुक्यात चौफुला परिसरातल्या एका कलाकेंद्रात गोळीबार झाला आणि यवत पोलिसांनी गुन्हा नोंदवून अटकही केली. त्याआधी जुलै २०२४ मध्ये मुळशी तालुक्यातल्या जमिनीच्या वादात पिस्तूल रोखल्याची चित्रफीत पसरली. त्यातही गुन्हा दाखल झाला, अटक झाली आणि परवान्याबाबत नोटीस निघाली. गोळी झाडली नाही तरी नुसते पिस्तूल रोखणे पुरेसे ठरते, हे त्या प्रकरणातून दिसले.

चौथी चूक आदेश न वाचण्याची. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला किंवा तणावाच्या काळात शस्त्र बाळगण्यावर बंदी घालता येते, आणि त्या काळात घराबाहेर शस्त्र नेण्यापूर्वी ठाण्यात विचारून घ्यावे. निवडणुकीत शस्त्रे जमा करायला सांगतात. मात्र सरसकट सर्वांकडून ती जमा करून घेऊ नयेत, छाननी समितीने प्रकरणे तपासावीत, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये गोव्यातल्या एका याचिकेवर घेतली. जमा करण्याचा आदेश आला असेल, तर नाकाबंदीवर तो आदेश पाळला आहे हे सांगणारी पावती जवळ असावी.

दारूबद्दल वेगळे सांगायची गरज नसावी, पण सांगावे लागते. मोटार वाहन कायद्याखाली १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर गुन्हा होतो. अशा चालकाच्या कमरेला पिस्तूल असेल, तर परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे अहवाल गेला नाही तरच नवल.

अमेरिकेत बंदुका बाळगणे कितीतरी जास्त प्रचलित आहे. तिथे काही राज्यांत पोलिसांनी अडवताच शस्त्र असल्याचे सांगणे बंधनकारक आहे, काही राज्यांत नाही. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटा राज्यातल्या फाल्कन हाइट्स इथे फिलँडो कॅस्टिल या परवानाधारक चालकाने आपल्याकडे शस्त्र असल्याचे पोलिसाला सांगितले. तरी काही क्षणांतच पोलिसाने गोळ्या झाडल्या आणि त्याचा मृत्यू झाला. त्या पोलिसाची पुढच्या वर्षी निर्दोष मुक्तता झाली. आपल्याकडची परिस्थिती वेगळी असली, तरी धडा दोन्हीकडे लागू पडतो. शस्त्र असल्याचे सांगणे पुरेसे नाही, सांगताना हात स्थिर असावे लागतात. आणि सांगितल्यानंतर घाई न करणे ही पोलिसांचीही तितकीच जबाबदारी आहे.

शस्त्र परवाना हा हक्क नव्हे, शासनाने अटींवर दिलेली मुभा आहे. म्हणून घरातून निघताना परवानाधारकाने चार गोष्टी तपासाव्यात: मूळ परवाना जवळ आहे, त्याची मुदत शिल्लक आहे, जायचे ठिकाण त्याच्या क्षेत्रात आहे, आणि शस्त्र होल्स्टरमध्ये झाकलेले आहे. यातली एकही गोष्ट कमी असेल, तर शस्त्र घरातच कुलपात ठेवावे.